निखाऱ्याची गाडी तापते

चढाच्या मधोमध पिकअपनं पुन्हा नाकातून वाफ सोडली आणि निखाऱ्यानं स्टिअरिंगवर थाप मारून तिच्या सात पिढ्या काढल्या. गाडीला पिढ्या नसतात, पण राग आला की निखारा असल्या बारीकसारीक गोष्टी बघत नसे.

निखारा हे त्याचं टोपणनाव. धंदा बर्फाचा. बर्फ विकणाऱ्या माणसाला अख्खा बाजार निखारा म्हणतो यातच सगळं आलं. तो लाल दिव्याशी भांडायचा, न उघडणाऱ्या बरणीशी भांडायचा, एकदा आरशासमोर दाढी करताना स्वतःशीच त्याचं वाजलं होतं. सकाळी कारखान्यातून बर्फाच्या लाद्या भरायच्या, त्यावर गोणपाट टाकायचं, ताडपत्री बांधायची, आणि ऊन चढायच्या आत मासळीबाजार गाठायचा. एवढं साधं काम. पण हल्ली मधे तो चढ यायचा, तापमानाच्या काट्याला वारं शिरायचं, काटा लाल पट्ट्यात जाऊन बसायचा, आणि निखारा गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडून शिव्या देत उभा राहायचा.

मग एक लादी फोडायची, तुकडे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे आणि रेडिएटरच्या डोक्यावर ठेवायचे. म्हणजे बघा, बर्फ पोचवायला गाडी लागायची आणि गाडी पोचवायला बर्फ. गाडी डिझेलबरोबर माल पण खायला लागली होती. गार व्हायला तिला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात उरलेल्या लाद्यांना पाझर फुटायचा. बाजारात पोचेपर्यंत मागच्या फळीतून अशी धार लागलेली असायची की लोक बाजूला सरकून विचारायचे, पाण्याचा टँकर कधी घेतला म्हणून.

बाजारातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे मासळीवाली मावशी. निखाऱ्याचा अर्धा बर्फ एकटी घ्यायची. तिच्यापुढे मात्र निखाऱ्याचा आवाज खाली यायचा, कारण ती कधी ओरडत नसे. त्या दिवशी तिनं लादी हातात घेतली, उलटसुलट केली आणि सुरी पुसावी तसा पदराला हात पुसत म्हणाली, "परवा लादी आणलीस, काल वीट आणलीस, आज साबणाची वडी. उद्या काय, पेल्यातून आणणार?"

निखारा गाडीचं सांगायला लागला. मावशीनं ऐकून घेतलं. मग सांगितलं की मोठ्या बाजाराच्या दिवशी तिच्याकडे नेहमीपेक्षा कितीतरी जास्त मासळी उतरणार आहे. त्या दिवशी बर्फ वेळेवर आणि धड आला तर ठीक. नाहीतर पुलापलीकडचा बर्फवाला रोज येऊन विचारतोच आहे.

"गाडीला ताप येतो हे तुझं दुखणं," ती म्हणाली. "माझ्या माशांना वास येतो, ते माझं."

गाडी दाखवल्याशिवाय आता सोय नव्हती.

मेस्त्रीचं गॅरेज घराच्या मागच्या रस्त्याला. मेस्त्री माणूस चांगला, हातात गुण होता, पण त्याला एक खोड होती. कुठलीही गाडी, कुठलाही आजार, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला. एकदा कोणीतरी सायकल घेऊन आला तर त्यालाही त्यानं तोच विचारला म्हणतात.

"पाणी बघितलंस का?" मेस्त्रीनं विचारलं.

निखाऱ्यानं सांगितलं की पाणी बघितलं, पाण्याच्या बापाला बघितलं, रोज बर्फाचं पाणी होताना बघतोय, पाणी सोडून दुसरं काही बघितलेलं नाही. मेस्त्रीनं शांतपणे स्वतः पाणी बघितलं. पाणी होतं. मग त्यानं रेडिएटरचं झाकण बदललं, कारण झाकण सैल असलं तर पाणी लवकर उकळतं. गाडी घेऊन बाजाराच्या वाटेवरचा तोच चढ चढून आला. काटा निम्म्यावर. हलला पण नाही.

"झालं," मेस्त्री म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच चढावर वाफ.

मग मेस्त्रीनं इंजिनातली ती छोटी झडप बदलली, जी गरम झाली की उघडते आणि पाण्याला रेडिएटरकडे सोडते. चढ चढून आला, काटा निम्म्यावर. दुसऱ्या दिवशी वाफ. मग पंख्याचा पट्टा ताणला. मग रेडिएटर उतरवून धुतला, आतून, बाहेरून, आंघोळ घालावी तसा. मेस्त्रीच्या हाताखाली गाडी गायीसारखी चालायची आणि निखाऱ्याच्या हाताखाली सकाळ झाली की फुत्कारायची. मेस्त्री आता गाडीपेक्षा निखाऱ्याकडे जास्त निरखून बघायला लागला.

घरात या आजारावर ज्याचं त्याचं मत होतं. निखाऱ्याच्या आईचं म्हणणं, त्यात एवढं काय शोधायचंय, रोज पहाटे अंगावर बर्फ घेऊन हिंडते, थंडी बाधून ताप येणार नाही तर काय होईल. हे मत ती सगळ्यांसमोर सांगायची. दुसरं मत ती भाजी निवडताना, भिंतीला सांगितल्यासारखं सांगायची.

"व्याही राहायला आल्यापासून घराला ताप आहे. मी काही म्हणत नाही."

व्याही म्हणजे निखाऱ्याचे सासरे. जुने पाट्या रंगवणारे. एके काळी शहरातल्या निम्म्या दुकानांच्या कपाळावर त्यांचं अक्षर होतं. मग छापील कापडी पाट्या आल्या आणि त्यांचा ब्रश सुकला. सासूबाई गेल्यावर लेकीनं त्यांना आपल्याकडे आणलं. तेव्हापासून ते खिडकीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवरच्या चुका वाचायचे. "ह्या 'ळ'ला कंबर नाही," एवढंच दिवसभरात बोलायचे आणि जेवताना ताटातलं निम्मं तसंच ठेवायचे. लेकीचा जीव कासावीस व्हायचा. निखारा शिव्या द्यायचा, पण त्या 'ळ' लिहिणाऱ्याला.

आणि एके दिवशी म्हातारबुवांनी आपणहून पत्रा मागितला. पहिल्या रेघेला हात थरथरला, दुसरीला कमी, तिसरीला अजिबात नाही. निळी जमीन, त्यावर पांढरी टपोरी अक्षरं, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर बर्फाची टोपी. मजकूर त्यांचाच: 'गार म्हणजे गारच.' त्या रात्री त्यांनी भात मागून घेतला, आणि लेक चुलीकडे तोंड करून बराच वेळ भांडी आवरत राहिली.

पाटी त्यांनी स्वतः पिकअपच्या तोंडावर बसवली, दोन बोल्टांवर, दिव्यापासून दिव्यापर्यंत. निखाऱ्यानं मागच्या फळीवर लावू का म्हणून विचारलं होतं. सासरेबुवांनी मान हलवली.

"जावईबापू, पाटी तोंडावर पाहिजे. मागे लावलेली पाटी म्हणजे पाठीमागे बोलणं."

एक अट मात्र होती. गॅरेजात जाताना पाटी उतरवून जायचं. मेस्त्रीचे काळे हात पांढऱ्या अक्षराला लागता कामा नयेत. त्यामुळे मेस्त्रीकडे निघायच्या आधी निखारा पाना घेऊन पाटी काढायचा, जुन्या चादरीत गुंडाळून पलंगाखाली सरकवायचा, आणि परत आल्यावर पुसून जागच्या जागी बसवायचा. आयुष्यात कुरकुर न करता तो जे एकमेव काम करायचा ते हे. बायको दारात उभी राहून बघायची आणि संध्याकाळचा चहा जरा गोड व्हायचा.

मोठ्या बाजाराला थोडेच दिवस उरले तेव्हा बायकोनंच विचारलं, "अहो, ती नेमकी कधी तापते आणि कधी नाही, हे बघितलंत का कधी?"

निखारा काहीतरी तिखट बोलणार होता. पण तोंड उघडलं आणि लक्षात आलं, खरंच, आपण नुसतं ओरडलोय. बघितलंय कुठे? त्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. रागाच्या जागी असा किडा त्याला नवीन होता. जेवताना घास हातात धरून तो भिंतीकडे बघत बसला. आईला वाटलं, गाडीचा ताप आता याला लागला.

पहिला संशय ओझ्यावर. म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यानं घरून रिकामी गाडी काढली आणि चढावर नेली. वाफ. म्हणजे ओझं नाही. मग उलट करून बघू म्हणून सकाळी घरून निघताना पाटी काढून चादरीत ठेवली, कारखान्यात काठोकाठ लाद्या भरल्या आणि तसाच मेस्त्रीकडे गेला. म्हणाला, आता चढव. मेस्त्रीनं चढवली. गाडी एवढं ओझं घेऊन चढावर शीळ घालत गेली. काटा निम्म्यावर झोपलेला.

निखारा फुटपाथवर बसला. रिकामी तापते. भरलेली तापत नाही. जगात असं इंजिन असतं का?

मेस्त्री पण बाजूला येऊन बसला. बराच वेळ दोघं गाडीच्या तोंडाकडे बघत राहिले. गाडीच्या तोंडावर त्या वेळी काहीच नव्हतं, त्यामुळे काहीच दिसलं नाही.

"खरं सांगू का?" मेस्त्री म्हणाला. "गाडीला काही झालेलं नाही. मी चालवतो तेव्हा तू गप्प बसतोस. एकटा असलास की शिव्या घालतोस. वस्तू पण ऐकते रे. चालवणाऱ्यावर जाते गाडी."

दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर निखाऱ्यानं त्याला बर्फात पुरला असता. पण आता त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी पाटी बसवली, लाद्या भरल्या आणि चढ लागताच तो गोड बोलायला लागला. चल बाई. चल माझी शहाणी. अजून थोडंच राहिलंय, सोन्या. काटा निम्म्यावरून उठला. निखाऱ्यानं दात आवळून तिला राणी म्हटलं. काटा लाल पट्ट्यात गेला. वाफ.

शेजारून जाणाऱ्या भाजीवाल्यानं हे ऐकलं आणि दुपारच्या आत ते घरी पोचलं. बायकोनं ताट वाढताना एवढंच म्हटलं की लग्नाला इतकी वर्षं झाली, राणी कोणाला म्हणतात ते आज कळलं.

मोठ्या बाजाराची सकाळ उजाडली. निखाऱ्यानं पहाटेच कारखान्यात नेहमीपेक्षा जास्त लाद्या रचल्या, एवढ्या की ताडपत्री वरच्या थराला पुरेना. रेडिएटर काठोकाठ भरला, वाटेत घरी थांबून पाण्याचे कॅन बरोबर घेतले. निघताना बघतो तर सासरेबुवा धुतलेला सदरा घालून गाडीत बसलेले. पाटी कोण कोण वाचतं ते त्यांना एकदा बघायचं होतं. नाही म्हणायची सोय नव्हती. दारात बायको उभी होती.

रस्ताभर सासरेबुवा समोरून येणाऱ्यांच्या तोंडाकडे बघत होते. ह्यानं पूर्ण वाचलं. ह्यानं अर्धंच वाचलं. ही बाई हसली. निखाऱ्याचे डोळे काट्यावर. चढ लागला. काटा उठला. निखारा शिव्या देऊ शकत नव्हता, सासरे बाजूला. राणी म्हणू शकत नव्हता, सासरे बाजूला. त्यानं नुसता श्वास रोखला. वाफ आलीच.

गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडलं, गोणपाट ओलं करून रेडिएटरच्या डोक्यावर टाकलं. ऊन वर आलं होतं आणि वरच्या उघड्या लाद्यांवर सरळ पडत होतं. थेंब पडायला लागले, मग थेंबांची धार झाली. निखाऱ्याला मावशीचा चेहरा दिसायला लागला, आणि तिच्यामागे पुलापलीकडचा बर्फवाला. त्याच्या घशाशी जे आलं होतं ते त्यानं सासऱ्यांकडे बघून गिळलं.

सासरेबुवा खाली उतरले होते. एकदा पाटीकडे बघत होते, एकदा रस्त्यावरच्या ओघळाकडे. दोन शाळकरी मुली थबकल्या, पाटी वाचली, खालचं पाणी बघितलं आणि तोंडावर हात धरून पुढे गेल्या.

म्हातारबुवांचा चेहरा उतरला.

"जावईबापू," ते म्हणाले, "पाटी काढा."

"अहो बाबा, राहू दे. मुलीच त्या."

"काढा म्हणतो ना. वर 'गार' लिहिलंय आणि खाली पाणी वाहतंय. मी आयुष्यात खोटी पाटी लिहिलेली नाही. काढा, आणि द्या माझ्याकडे. मी मागे बसून बर्फावर धरतो. निदान ऊन तरी अडेल."

निखाऱ्यानं पाना काढला, बोल्ट सोडवले. सासऱ्यांना हात देऊन मागे चढवलं. ते लाद्यांमध्ये मांडी घालून बसले आणि पाटी डोक्यावर छत्रीसारखी धरली. इंजिन निवल्यावर निखाऱ्यानं पाणी वर भरलं, देवाचं नाव न घेता, कोणाचंच नाव न घेता चावी फिरवली, आणि उरलेला चढ चढायला लागला.

काटा निम्म्यावर.

वळण आलं. काटा निम्म्यावर. चढाचा सगळ्यात वाईट टप्पा आला, जिथे ट्रकसुद्धा कण्हतात. काटा निम्म्यावर. निखाऱ्यानं काचेवर टिचकी मारून बघितली. काटा जिवंत होता. आता वेगळं काय आहे? ओझं तेच. चढ तोच. शिव्या नाहीत, पण मघाशी पण नव्हत्या. सासरे मागे आहेत. सासरे मागे आहेत आणि...

त्यानं आरशात बघितलं. आरशात निळी पाटी वाऱ्यावर थडथडत होती. म्हातारबुवांना ती दोन्ही हातांनी घट्ट धरावी लागत होती, एवढा वारा लागत होता तिला. मग त्यानं समोर बघितलं. हा सगळा वारा पूर्वी जायचा कुठे? गाडीच्या तोंडावरच्या जाळीतून आत जायचा, रेडिएटरला गार करायचा. आणि जाळीवर काय होतं? दिव्यापासून दिव्यापर्यंत काय होतं? मेस्त्रीकडे जाताना दर वेळी काय पलंगाखाली असायचं?

आपण गाडीचं नाक-तोंड बांधून तिला डोंगर चढवत होतो. आणि वर तिलाच शिव्या.

निखाऱ्याला एकदम एवढं हसू आलं की त्याला गाडी हळू करावी लागली. मागून सासरेबुवांनी विचारलं काय झालं, पुन्हा तापली का. नाही बाबा, तो म्हणाला, तुम्ही धरा नीट.

मावशी बाजाराच्या दारातच उभी होती. पाटीखाली बसलेले म्हातारबुवा तिनं आधी बघितले, मग पाटी वाचली, मग पुढे होऊन लादीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं. वरच्या थराच्या कडा गोल झाल्या होत्या, पण खालच्या लाद्या धड होत्या.

"आज लादी आहे," ती म्हणाली. आणि सासरेबुवांना हात देऊन उतरवताना, "अक्षर कोणाचं हे? छान आहे."

परतीच्या वाटेवर म्हातारबुवा नुसते मधूनमधून सदरा नीट करत होते.

खरी पंचाईत घरी आल्यावर सुरू झाली. निखाऱ्यानं बायकोला स्वयंपाकघरात गाठून सगळं सांगितलं. तिनं पोळी तव्यावर तशीच ठेवली. "बाबांना सांगू नका," एवढंच म्हणाली, आणि पोळी करपली. आईला तर सांगायचा प्रश्नच नव्हता. घराला ताप व्याह्यांपासून आहे, हे आईचं म्हणणं शब्द न् शब्द खरं निघालं होतं. हे तिला कळलं असतं तर त्या घरात कोणालाच राहता आलं नसतं. म्हणजे ज्या माणसानं जन्मात एक शब्द पोटात ठेवला नव्हता, त्याला आता अख्खी गोष्ट पोटात ठेवायची होती.

पाटी मागे कशी न्यायची यावर त्यानं बरंच डोकं खाजवलं. शेवटी सासऱ्यांशेजारी खिडकीत जाऊन बसला. म्हणाला, बाबा, समोरून येणारा माणूस सटकन निघून जातो. अर्धंच वाचतो, तुम्हीच बघितलंत. पण चढावर माझ्या मागे जो अडकतो तो हलतो कुठे? त्याला दुसरं काम काय? तो वाचतो, पुन्हा वाचतो, घरी जाऊन सांगतो.

सासरेबुवांनी विचार केला. पाठीमागे बोलणं वेगळं, ते म्हणाले, आणि पाठीवर लिहिणं वेगळं. पाटी मागच्या फळीवर गेली. गाडीचा ताप उतरला तो उतरलाच.

मेस्त्रीनं विचारलं, शेवटी होतं काय? निखारा म्हणाला, तुझ्याच हाताचा गुण, जरा उशिरा आला. मेस्त्रीची छाती वीतभर फुगली. ज्याला त्याला सांगत सुटला, हटून बसलेला आजार होता, पण मी सोडला नाही. आणि एवढं नाव झालंच आहे तर ते लिहून घ्यावं म्हणून एक दिवस स्वतःच सासरेबुवांकडे आला. बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायची त्याची जी गाडी होती, तिच्यासाठी मोठी पाटी पाहिजे होती.

त्यानंतर खिडकीतली खुर्ची रिकामीच असायची. सासरेबुवा अंगणात पत्र्यापाशी. 'कसलाही ताप उतरवून मिळेल,' लाल अक्षरं, आधीच्या पाटीपेक्षा दीडपट. दोघांनी मिळून ती बसवली तेव्हा निखारा बाजारात होता. संध्याकाळी त्यानं सहज विचारलं, कुठे लावली?

"तोंडावर," सासरेबुवा ब्रश धूत म्हणाले. "तिच्या मागे कायम दुसरी गाडी बांधलेली. मागची पाटी कोण वाचणार?"

 बोलणं खरंच होतं.

पुढच्याच आठवड्यात सगळे जेवायला बसले असताना फोन वाजला. मेस्त्री होता, आवाज पडलेला. चढावर उभा होता, मागे कोणाची तरी बंद गाडी, पुढे वाफ. झाकण बदललं म्हणाला, झडप बदलली, पट्टा ताणला, रेडिएटर धुतला. अगदी तुझ्या गाडीचंच दुखणं आहे रे निखाऱ्या, हुबेहूब. काही कळेना झालंय.

"तुझी नेमकी कशानं थांबली होती, खरं सांग," मेस्त्री म्हणाला.

निखाऱ्यानं वर बघितलं. बायकोचा वाढायचा हात तसाच थांबला होता. आई कान देऊन बसली होती. समोर सासरेबुवा, नखात लाल रंग, दुसऱ्यांदा भात घेत होते.

निखाऱ्यानं पाण्याचा एक घोट घेतला. आणि आयुष्यात पहिल्यांदाच, बर्फासारख्या गार आवाजात विचारलं,

"मेस्त्री, पाणी बघितलंस का?"